‘आमच्या वेळी व्याज पंधरा टक्के होतं’ : ब्रिटनमधली घरं, दोन पिढ्या आणि मतं

सावनी_रेडिंग

गेल्या मंगळवारी सकाळी लेकीचा डबा भरताना एजंटची मेल आली. मालक घर विकतोय, दोन महिन्यांत रिकामं करा. कारण द्यायची गरज नाही, कलम २१. सात वर्षांतलं हे आमचं तिसरं घर. आधीच्या घरात बाथरूमच्या छताला काळी बुरशी होती. आम्ही ती ब्लीचने पुसत राहिलो, तक्रार केली नाही, कारण तक्रार केली की हीच मेल येते असं सगळे सांगायचे. या घरात तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं, तरी आलीच.

हे कलम काढून टाकू असं थेरेसा मे यांच्या सरकारने एप्रिल २०१९ मध्ये जाहीर केलं होतं. नंतर जॉन्सन आले, ट्रस आल्या नि गेल्या, सुनाक झाले. शेवटी लेबर पक्षाच्या काळात ऑक्टोबर २०२५ मध्ये कायदा पक्का झाला आणि लागू होणार १ मे २०२६ पासून. आमच्या मालकाने कॅलेंडर बघूनच मेल टाकली असणार.

दोघांच्या नोकऱ्या बऱ्या आहेत, कायमच्या वास्तव्याचा परवाना आहे. भाडं १,६५० पौंड. तेवढा गृहकर्जाचा हप्ता भरू शकतो, पण घर घ्यायचं डिपॉझिट साठत नाही, कारण दर महिन्याला ते १,६५० पौंड मालकाचं कर्ज फेडायला जातात. बाबा म्हणतात ठाण्याचा फ्लॅट विकतो. मला ते नको आहे.

हे सगळं ऑफिसात सांगितलं तर साठीची एक सहकारी म्हणाली, "आमच्या वेळी व्याज पंधरा टक्के होतं, तरी आम्ही घेतलंच की." मी गप्प बसले, पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. खरंच आम्हीच नाजूक आहोत का? आणि इथल्या राजकारणात याचं कुणाला काही पडलंय का? इथे राहणाऱ्यांनी जरूर लिहा.

पुणेरी_पाटी

परत या. (दिवे घ्या, गंमत आहे.)

सावनी_रेडिंग

पाटीकाका, आधी बाणेरचा भाव सांगा, मग बॅग भरते.

डॉ_नाना

सावनी, मी तुझ्या त्या सहकारणीच्या बाजूचा म्हातारा. मिरजेहून शिकून १९७६ मध्ये इथे आलो, लँकेशायरमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) म्हणून निवृत्त झालो. १९८० मध्ये जोडघर घेतलं, वीस हजारांच्या आत. आदल्या वर्षी नोव्हेंबरात व्याजाचा मूळ दरच १७ टक्क्यांवर नेला होता. जरा कुठे स्थिरावलो तर १९८९ मध्ये पुन्हा १५ च्या आसपास. दर बदलला की बिल्डिंग सोसायटीचं, म्हणजे गृहकर्ज देणाऱ्या संस्थेचं, पत्र यायचं. सौ. ते पाकीट मी दवाखान्यातून येऊन चहा घेईपर्यंत दाखवायची नाही.

१९९१ या एका वर्षात पंचाहत्तर हजारांच्या आसपास घरं जप्त झाली. त्यातली काही माणसं माझ्यासमोर झोपेच्या गोळ्या मागायला बसलेली होती. तेव्हा आम्हाला सगळं आयतं मिळालं असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

मॅकमिलन गृहनिर्माण मंत्री असताना एका वर्षात तीन लाख घरं बांधून झाली होती, १९५३ मध्ये. हुजूर पक्षाचा माणूस, आणि त्यातली बहुतेक घरं कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेने भाड्याने द्यायला बांधलेली! तेव्हाची पिढी काही लबाड नव्हती.

हिशोबनीस

डॉक्टरकाका, तुम्ही म्हणता त्यात खोट नाही. लोक फार पटकन उडवून लावतात, म्हणून आधी तुमच्या बाजूचा हिशोब मांडतो.

समजा तेव्हा पगाराच्या अडीच पट कर्ज मिळायचं. पंधरा टक्क्यांनी नुसतं व्याजच पगाराच्या ३७.५ टक्के झालं. आज साडेचार पट कर्ज, पाच टक्के दर, म्हणजे व्याज २२.५ टक्के. हप्त्याची कळ तुम्हाला जास्त लागली, हे कबूल.

पण दोन गोष्टी तुमच्या बाजूने होत्या. एक, महागाई. १९८० मध्ये ती १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि पगारही तसे वाढत होते. कर्जाचा आकडा मात्र जागचा हलत नाही. पाच-सात वर्षांत तुमचं कर्ज पगाराच्या मानाने पाण्यात टाकलेल्या गुळासारखं विरघळलं. शिवाय गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत होती, ती एप्रिल २०००ला पूर्ण गेली. दुसरी गोष्ट म्हणजे आत शिरायचं दार. इंग्लंडमध्ये १९९७ मध्ये सरासरीचं घर वर्षाच्या पगाराच्या साडेतीन पट होतं. आता पावणेआठ-आठ पट, लंडनमध्ये अकरा. म्हणजे दहा टक्के डिपॉझिट तेव्हा चार महिन्यांचा पगार, आता साडेनऊ महिन्यांचा. कर न कापता, न जेवता, भाडं न भरता.

बरं, बँक देणार साडेचार पट आणि घर आठ पट. मधले साडेतीन पगार कुठून आणायचे? एक तर दुसरा पगार लग्न करून घरात आणायचा, नाही तर आईबापांकडे बघायचं. ‘बँक ऑफ मम अँड डॅड’ म्हणतात ती हीच. सावनी, तू नाजूक नाहीस. तुझ्या सहकारणीची परीक्षा दार ओलांडल्यावर सुरू झाली, तुझी दाराबाहेरच चालू आहे.

अवांतर पण महत्त्वाचं: नोटिशीची मुदत संपली म्हणजे त्या दिवशी बॅगा घेऊन रस्त्यावर यायचं असं नसतं. कोर्टाच्या आदेशाशिवाय मालक बाहेर काढू शकत नाही. भाड्याचं डिपॉझिट मालकाने नियमाप्रमाणे संरक्षण योजनेत जमा केलं होतं का, गॅसचं प्रमाणपत्र दिलं होतं का ते तपास. यातलं राहिलं असेल तर नोटीस बाद ठरू शकते. आणि मेनंतरही मालकाला विकायचं म्हणून घर मागता येईल, फक्त चार महिन्यांची नोटीस द्यावी लागेल. कायदा चांगला आहे, पण त्याने घरं वाढत नाहीत.

नर्सिणबाई

तुम्हाला मोदक, हिशोबनीस.

पण जरा उत्तरेला या. मी डरहॅम परगण्यात राहते, जुना कोळशाच्या खाणींचा भाग. इथल्या खाणवस्तीत साठ हजार पौंडांच्या आतही चाळीवजा घर मिळतं. तरी गल्लीत चार घरांना फळ्या ठोकलेल्या, कारण खाण गेली आणि तिच्या जागी काही आलंच नाही. ‘ब्रिटनमध्ये घर परवडत नाही’ हे वाक्य इथल्या बसस्टॉपवर म्हटलं तर लोक हसतील. घर आहे, बस तासाला एक.

माझ्या वॉर्डातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिचे आजोबा खाणकामगार. १९८० च्या कायद्याने थॅचरबाईंनी कौन्सिलच्या भाडेकरूंना घरं सवलतीत विकत घेऊ दिली, तेव्हा आजोबांनी राहतं घर घेतलं. बाहेरचं दार लगेच रंगवलं म्हणे, कौन्सिलच्या रंगाहून वेगळं दिसावं म्हणून. आजोबा गेले, घर विकलं, पैसे चार भावंडांत वाटून संपले. ते घर दक्षिणेतल्या कुणी तरी भाड्याने द्यायला घेतलं. आता ही मुलगी कुठे राहते? त्याच रस्त्यावर, तसल्याच माजी कौन्सिल घरात, खासगी मालकाची भाडेकरू म्हणून. पगार पुरत नाही म्हणून थोडं भाडं सरकारी मदतीतून येतं. म्हणजे सरकारने घर स्वस्तात विकलं आणि आता तसल्याच घराचं भाडं सरकारच भरतंय!

इंग्लंडमध्ये अशी वीस लाखांच्या आसपास घरं विकली गेली, आणि त्या बदल्यात तेवढी बांधली नाहीत. स्कॉटलंडने ही योजना २०१६ मध्ये बंद केली, वेल्सने २०१९ मध्ये.

आजोबांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तरी घेतलंच असतं.

हॅरोचा_हर्ष

नमस्कार, मी इथेच जन्मलो, माझं मराठी आईने आणि शनिवारच्या शाळेने केलंय, चुका माफ करा. वय २७. आईबाबांच्या घरी बॉक्स रूममध्ये राहतो. बॉक्स रूम म्हणजे पलंग टाकला की दार अर्धंच उघडतं.

मी २०१६ मध्ये युनिव्हर्सिटीला गेलो. फी ९,००० पौंड. निक क्लेग यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने २०१० मध्ये फीवाढीच्या विरोधात मत देऊ असं लिहून दिलं होतं, मग सरकारात गेले आणि फी तिप्पट झाली. त्या वेळी मी बारा वर्षांचा होतो, पण बिल मला आलं. माझ्या पगारातून ठरावीक रकमेच्या वरच्या कमाईचे ९ टक्के कापले जातात. पाच वर्षं नोकरी करतोय आणि कर्ज घेतलं तेव्हापेक्षा आज जास्त आहे! व्याजच तेवढं लागलं. बाबा म्हणतात, ते कर्ज नाही, कर समज. ठीक आहे, पण मग हा कर फक्त माझ्या वयाच्या लोकांना का?

माझे तीन मित्र ग्रीन पार्टीचे झालेत, एक स्थलांतराला विरोध करणाऱ्या रिफॉर्म पक्षाचा. चौघांनी आधी लेबरला मत दिलं होतं. चौघांच्या तोंडी भाडं हाच विषय असतो. ग्रीनवाले म्हणतात दोष घरमालकांचा, रिफॉर्मवाला म्हणतो बाहेरून आलेल्यांचा. तो रिफॉर्मवाला आमच्याकडे येऊन आईच्या हातचं थालीपीठ खात हे बोलतो.

स्लाउकर

हर्षा, मराठी झकास आहे रे, काळजी करू नकोस.

घर घेतलं म्हणजे सुटलो असं समजणाऱ्यांसाठी माझा अनुभव. २०२१ मध्ये स्लाउला घर घेतलं. मूळ दर तेव्हा ०.१ टक्के. आम्ही दोन वर्षांसाठी दीड टक्क्याच्या आत फिक्स केलं आणि स्वतःला फार हुशार समजलो. २३ सप्टेंबर २०२२ ला अर्थमंत्री क्वाटेंग यांनी तो ‘मिनी बजेट’ मांडला. पैशाची सोय न सांगता करकपात. सरकारी रोखे गडगडले, बँकांनी रातोरात कर्जाच्या योजना मागे घेतल्या. लिझ ट्रस पंतप्रधानपदी एकूण ४९ दिवस राहिल्या. एका वर्तमानपत्राने सॅलडचा कोबी कॅमेऱ्यासमोर ठेवून आधी कोण कोमेजतं ते बघितलं, ती गंमत सगळ्यांना आठवते. आमचं फिक्स २०२३ मध्ये संपलं तेव्हा मूळ दर ५.२५ झाला होता. हप्ता महिना सातशे पौंडांनी वाढला. बायकोने शनिवारी काम धरलं, मी लंच विकत घेणं सोडलं.

खापर एकट्या ट्रसबाईंवर फोडणं सोपं आहे, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ११.१ टक्के होती, दर वाढणारच होते. त्यांनी फक्त जखमेवर मीठ चोळलं.

त्यात आमची कौन्सिल २०२१ मध्येच पैसे संपले म्हणून हात वर करून मोकळी. २०२३ मध्ये कौन्सिल टॅक्स (आपली घरपट्टी) दहा टक्क्यांनी वाढवला आणि कचऱ्याचा डबा दोन आठवड्यांनी एकदा. त्या टॅक्सचे पट्टे कशावर ठरतात माहितीये? १९९१ च्या किमतींवर!

आणि जे अजून व्हिसावर आहेत त्यांचं वेगळंच. सरकार म्हणतंय कायमच्या परवान्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षं थांबा. दहा वर्षं ‘उद्या राहू की नाही’ असं असेल तर कोण घर घेईल? मग भाडंच भरा, आणि रिफॉर्मवाल्याकडून ऐका की घरं तुमच्यामुळे महागली.

पुणेरी_पाटी

पण तुम्ही मतदान तरी करता का? की तिथेही मतदानाच्या दिवशी लोणावळा?

स्लाउकर

पाटी, बरं विचारलंत. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे वैध व्हिसावर राहत असाल तर मतदान करता येतं, अगदी संसदेच्या निवडणुकीतसुद्धा. आपण राष्ट्रकुलातले ना! निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. मतदारयादीत नाव असलं की कर्ज मिळायलाही सोपं जातं, म्हणून तरी नोंदवा.

हिशोबनीस

मतांचाच मुद्दा आहे खरा. इंग्लंडमध्ये कर्ज पूर्ण फिटलेले मालक हे कर्ज फेडत असलेल्या मालकांपेक्षा जास्त आहेत. ते वयाने मोठे, एका जागी राहणारे, आणि न चुकता मतदानाला जाणारे. भाडेकरू दर दोन वर्षांनी पत्ता बदलतो, यादीतलं नाव मागच्या घरी राहतं.

मग धोरणं तशीच होतात. पेन्शनचं ‘ट्रिपल लॉक’ घ्या: महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के, यात जे जास्त तेवढी वाढ. एप्रिल २०२३ मध्ये १०.१ टक्के वाढ मिळाली. त्या वर्षी आमच्या ऑफिसात चार मिळाली आणि वर केक. जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी बहुतेक पेन्शनरांचा हिवाळ्याचा इंधनभत्ता काढला, तर असं रान उठलं की वर्षाच्या आत माघार. विद्यार्थ्यांच्या कर्जाची फेड ज्या पगारापासून सुरू होते ती मर्यादा वर्षानुवर्षं गोठवली, त्यावर कुणी रान उठवलं? नोव्हेंबर २०२५ च्या बजेटात करमुक्त रोख बचतीची मर्यादा २०,००० वरून १२,००० केली, एप्रिल २०२७ पासून. पण ६५ वर्षांवरच्यांना सूट, त्यांचे २०,००० तसेच. घराच्या डिपॉझिटसाठी कोण साठवतंय, पासष्टीचा की पंचविशीचा?

डॉ_नाना

थांब रे बाबा. इथली पूर्ण नवी सरकारी पेन्शनसुद्धा २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३० पौंड होती. माझी एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) वेगळी आहे म्हणून मी सुखात आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी विधवा बायका फक्त त्या सरकारी पेन्शनवर होत्या. हिवाळ्यात कोट घालून घरात बसायच्या, हीटर एकाच खोलीत. त्यांच्या भत्त्यावरून हर्षच्या कर्जाशी भांडण लावू नका. त्यांच्यापैकी बऱ्याच जणींचं स्वतःचं घरही नव्हतं.

हिशोबनीस

मान्य काका. रेघ वयाची नाहीच, घराची आहे. भाड्याच्या घरातली म्हातारी आणि भाड्याच्या घरातला हर्ष एका बाजूला. तुम्ही आणि ज्याला तुम्ही डिपॉझिट दिलंत तो तुमचा मुलगा दुसऱ्या बाजूला. दिलंत ना? (हलके घ्या.)

डॉ_नाना

दिलं. ब्रिस्टलला घेतलं त्याने. साठ हजार दिले, आणि ते मी कमावलेले नव्हते, घराची किंमत वाढली त्यावर काढलेले होते. वीस हजारांच्या घराने मला साठ हजार दिले, तेही मी आत राहत असताना.

आता बोलायला बसलोच आहे तर आणखी एक सांगतो, शिव्या घाला. चार वर्षांपूर्वी आमच्या मागच्या कुरणावर चाळीस घरांचा प्रस्ताव आला. दिव्याच्या खांबाला प्लास्टिकमध्ये गुंडाळून कागद बांधला होता. शेजारी सह्या घेत फिरले. वाहतूक वाढेल, दवाखान्यावर ताण येईल, आणि वटवाघळं आहेत. मी सही केली. एवढंच नाही, दवाखान्यावरच्या ताणाचा परिच्छेद मीच लिहून दिला, डॉक्टर म्हणून. प्रस्ताव पडला. तिथे अजून कुरणच आहे, दोन घोडी चरतात.

मागच्या ख्रिसमसला नात विचारत होती, आजोबा, आम्ही तुमच्याजवळ का राहत नाही? सून म्हणाली, इथे घरंच कुठे मिळतात. मी टर्की कापत होतो.

नर्सिणबाई

डॉक्टरकाका, तुम्ही लिहिलंत म्हणून. नाही तर वटवाघळांच्या मागे लपणारेच जास्त.

पुणेरी_पाटी

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाला एक काका सात वर्षं सही देत नाहीत. तुमच्याकडे सही देऊन अडवतात, एवढाच फरक.

हॅरोचा_हर्ष

सरकार म्हणतंय या टर्ममध्ये १५ लाख घरं बांधणार. होणार का?

हिशोबनीस

वर्षाला तीन लाख, म्हणजे पुन्हा मॅकमिलनचाच आकडा. फरक असा की तेव्हा कौन्सिल बांधत होत्या. खासगी बिल्डर घरं तेवढ्याच वेगाने बांधतो जेवढ्या वेगाने भाव न पडता विकली जातील. त्यात त्याचा काही गुन्हा नाही, त्याचा धंदा आहे. मला शंका आहे. नियोजनाचे नियम सैल केले ते बरं झालं, पण गवंडी, सुतार, प्लंबर कुठून आणणार? आणि त्यांना बोलवायला व्हिसा द्यायचा तर मतं जातात.

सावनी_रेडिंग

सगळ्यांचे आभार. डिपॉझिटची कागदपत्रं तपासली. एजंटने गॅसचं प्रमाणपत्र दिलेलंच नव्हतं, तेव्हा थोडा वेळ मिळेल असं दिसतंय. हिशोबनीस, तुम्हाला माझ्याकडून पुरणपोळी.

शेवटी बाबांनी ऐकलं नाहीच. ठाण्याचा फ्लॅट विकत नाहीयेत (तेवढं मी जिंकले), पण ठेवी मोडतायत. इथला सॉलिसिटर म्हणतो, पैसा कुठून आला त्याचा सहा महिन्यांचा पुरावा द्या. बाबांच्या निम्म्या ठेवी पतपेढीत. पुरावा म्हणजे पासबुक, मराठीत, त्यावर शाईचा शिक्का आणि कारकुनाची सही. शिवाय भारतातून वर्षात दहा लाखांच्या वर पाठवायचे तर वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच घेते, नंतर रिटर्न भरून परत मिळवायचा. बाबांचं वय ७१.

आणि एक पत्र लागतं. ही रक्कम भेट आहे, कर्ज नाही, या घरावर माझा कोणताही हक्क नाही आणि पुढेही असणार नाही, असं बाबांनी लिहून द्यायचं. मी फोनवर वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "परत एकदा वाच." मग म्हणाले, "बरं, पाठव. सही कुठे करायची ते खूण करून पाठव."

झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून पाठवलं त्यांनी. काल सॉलिसिटरची मेल आली, पत्र परत. बाबांनी सही मराठीत केलीय, आणि पासपोर्टवर इंग्रजीत आहे.

तर आता पुन्हा. रेडिंगच्या आसपास मराठीतून इंग्रजीत प्रमाणित भाषांतर करून देणारं कुणी माहीत आहे का? पासबुकाची अकरा पानं आहेत. विपूत (विचारपुशीत) कळवा.

नर्सिणबाई

विपू केली आहे. माझ्या नवऱ्याच्या वेळी ज्यांनी केलं होतं त्यांचा नंबर आहे. पानामागे पैसे घेतात, शिक्क्याची पानं वेगळी मोजतात, आधीच ठरवून घे.